बाभळीनं कुणाचं घोडं मारलंय?

राज्यवृक्षाचा विषय काढला की एक ठरलेलं उत्तर येतं. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा, तो सगळ्यांना मान्य आहे, विषय संपला. त्यावर कुणी म्हटलं की शिरूर-दौंडच्या माळावर हा राज्यवृक्ष वरून पाणी घातल्याशिवाय दोन उन्हाळे काढत नाही, तर समोरचा समजुतीनं हसतो. "अहो, प्रतीक आहे ते. प्रतीक काय प्रत्येकाच्या बांधावर उगवायलाच हवं का?" हा प्रश्न बिनतोड आहे असं विचारणाऱ्याला वाटतं. त्याला उत्तर द्यायची गरजच उरलेली नाही, कारण राज्य सरकारनंच ते २०२० साली देऊन ठेवलं आहे.

त्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळानं पांढरी चिप्पी या झाडाला 'राज्य कांदळवन वृक्ष' म्हणून मान्यता दिली. असा वृक्ष जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. आंबा तेव्हा राज्यवृक्ष होताच, आजही आहे. तरीही खाडीच्या खाऱ्या चिखलात आंबा उभा राहू शकत नाही, तिथली माती वेगळी, तिथलं जगणं वेगळं आणि म्हणून तिथलं झाडही वेगळं, हे मुंबईत बसलेल्या मंडळाला पटलं. पटलं ते योग्यच झालं. पण त्या दिवशी 'एका राज्याला एकच झाड' हा दंडक सरकारनं स्वतःच मोडला. मग खाऱ्या चिखलाला जो न्याय लावला तो मुरमाड माळाला का लावत नाही, एवढंच मला विचारायचं आहे. आंब्याच्या पानालाही कुणी हात लावू नये. त्याचं पद त्याच्यापाशी राहू द्या. पण सह्याद्रीच्या पाठीमागे, पावसाच्या सावलीत पडलेला जो मुलूख आहे, त्याचा वृक्ष म्हणून गावठी बाभळीला मान्यता द्या.

राज्याच्या प्रतीकांची यादी कधीतरी नकाशा पुढ्यात ठेवून वाचावी. राज्यप्राणी शेकरू, तो भीमाशंकरसारख्या उंच, दाट रानातला. राज्यफूल ताम्हण, ते ओलसर नदीकाठांचं. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन सह्याद्रीच्या गर्द सावलीतलं. चिप्पी खाडीची. २०२३ साली राज्यमासा झालेला पापलेट तर थेट समुद्राचा. आंबा देशावरही होतो हे खरं, पण आंबा म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे शिरूर येत नाही, देवगड-रत्नागिरी येतं. त्यातल्या त्यात हरियाल तेवढा आमच्या वडा-उंबरांवर फळं खायला उतरतो, त्याचे आभार. लांडगा या यादीत नाही, चिंकारा नाही, माळढोक नाही, हिवर नाही, बोर नाही, माळावरचं साधं गवतही नाही. नगर, सोलापूर, बीड, धाराशिव, साताऱ्यातले माण-खटाव, पुण्यातले शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, एवढा थोरला कोरडा मुलूख आणि त्याच्या वतीनं उभं राहायला एक प्रतीक नाही. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. चिप्पीला पाठीराखा होता. २०१२ पासून वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष आहे, त्यानं आपल्या झाडाची बाजू मांडली. माळरानाचा असा कक्ष नाही. ज्याचं टेबल नाही त्याची फाइलही नाही.

आमच्या भागाच्या भूगोलाची गंमत अशी की शेकरूचं रान आणि आमचा माळ एकाच नदीवर आहेत. भीमा भीमाशंकरला उगवते. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तीच भीमा खेड तालुका ओलांडून, शिरूरची शीव धरत दौंडला पोचते. सरळ रेषेत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण दौंडला पाचशे मिलिमीटर पडला तर लोक म्हणतात, यंदा बरं झालं. नदीकाठानं, घोडच्या आणि मुळा-मुठेच्या काठानं, नव्या मुठा उजव्या कालव्याखाली आणि चासकमानच्या चाऱ्यांवर ऊस उभा आहे. राहू-केडगावकडे गुऱ्हाळांची धुराडी आहेत. परक्या माणसाला वाटावं की इथं दुष्काळ कसला! पण नदी सोडून आत शिरा. दौंडात कुरकुंभ, रोटी, कुसेगाव, पडवी, जिरेगाव; शिरुरात पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई. इथं विहिरीला पाणी माघापर्यंत टिकलं तर नशीब, आणि जनाई-शिरसाई उपसा योजनेचं आवर्तन कधी सुटणार यावर गावाच्या गप्पा चालतात. या आतल्या मुलखात जे झाड कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, कुणी कुंपण केलं नाही आणि तरीही आहे, ते बाभूळ.

आता विरोधकांचं म्हणणं घेऊ. त्यातलं पहिलं भावनेचं आहे आणि तेच सगळ्यात जोरात मांडलं जातं. आंबा मंगल आहे. दाराला आंब्याचं तोरण, कलशात आंब्याचा टहाळा, होमाला आंब्याची समिधा. बाभळीचं काय आहे? तिच्यावर भुतं राहतात!

ठीक. पण दाराला तोरण लावणाऱ्या त्या घराच्या परसात परवा-परवापर्यंत काय होतं ते पाहा. परड्याला बाभळीच्या काट्यांची वई. गाडीच्या चाकाचे आरे आणि पुठ्ठे बाभळीचे, वरून लोखंडाची धाव. नांगर बाभळीचा, कुळव बाभळीचा, रुमणं बाभळीचं. सुतार शेतकऱ्याला विचारायचा, "बाभळ आहे का बांधाला?" आणि असली तर वर्षाच्या औतांची काळजी मिटायची. लाकूड इतकं चिवट की भिजून-वाळूनही ऊन खाल्लेल्या मातीत टिकायचं. तोडल्यावर आतला गाभा तांबूस निघतो आणि ओला आहे तोवरच किकऱ्यानं घडवून घ्यावा लागतो, वाळल्यावर तो हत्यारालाच दाद देत नाही. सालीवर कातडं कमावलं जायचं, म्हणजे मोटेचं कातडं आणि पायातलं पायताण दोन्ही बाभळीच्या ऋणात. आणि मंगलच म्हणाल तर, घरात बाळ जन्माला आलं की बाळंतिणीला जो लाडू खायला घालतात त्यातला डिंक कोणत्या झाडाचा असतो? हे आंब्याच्या पानाइतकं मंगल का नाही, ते मला कुणी समजावून सांगावं. वसंत बापटांनी या झाडावर 'बाभुळझाड' ही कविता लिहिली, शाळेतल्या पिढ्यांनी ती पाठ केली, गुणही मिळवले. पाठ म्हणून झाल्यावर झाड मात्र जिथल्या तिथं राहिलं.

शिरूरचा माणूस बैलगाडा शर्यतीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ साली निकाल बाजूनं लागला तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. बैल ही परंपरा, घाट ही परंपरा, गाडा ही परंपरा. त्या परंपरेच्या चाकांना पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडानं लाकूड पुरवलं ते सरपण!

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो आणि तो निव्वळ अज्ञानातून येतो. "बाभूळ? ती तर जिथं-तिथं माजलीय. गायरानं खाल्ली, ओढे बुजवले. तिला कसला मान देता?" असं म्हणणारा माणूस ज्या झाडाकडे बोट दाखवत असतो ती बाभूळ नसतेच. ती वेडी बाभूळ. एकोणिसाव्या शतकात परदेशातून आणलेलं हे झाड, ओढ्यात, गायरानात, रेल्वेच्या रुळांकडेला, जिथं मोकळी जागा दिसेल तिथं झाडोरा करून बसतं, खाली गवताची काडी उगवू देत नाही. दौंडहून कोणत्याही गाडीनं निघा, खिडकीतून जी हिरवी जाळी मैलोगणती दिसते ती हीच. दोघींत फरक ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. गावठी बाभळीचं फूल पिवळं, गोल, गेंदेदार, पावसाळ्यात सुवासिक. शेंग राखाडी, लवदार, मण्यामण्यांची, दोन बियांच्या मध्ये आवळलेली. वेडीचं फूल फिकट, लांबट तुऱ्याचं, आणि शेंग पिवळी, बिनगाठीची. गावठी बाभूळ एक बुंधा धरून वर जाते आणि मग पसरते. तिचा रामकाठी प्रकार तर सरूसारखा सरळ उभा वाढतो. वेडी जमिनीपासूनच दहा फांद्यांनी फुटते.

याच गोंधळात तिसरी एक सामील आहे, सुबाभूळ. ती बाभूळही नाही आणि 'सु' किती हा प्रश्नच आहे. शेजारच्या उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेनं चाऱ्या-सरपणासाठी तिचा प्रसार केला. हेतू चांगला होता, शेळ्यांना पाला मिळालाही. पण पुढे सरकारी रोपवाटिकांत सुबाभूळ, निलगिरी आणि गिरिपुष्प ही त्रिमूर्ती अशी रुजली की माळ म्हटला की तीच लावायची हा शिरस्ता पडला. लवकर वाढतात, जनावर तोंड लावत नाही (निदान निलगिरीला), फोटो हिरवा येतो. एकीकडे परक्या झाडांचे अपराध गावठी बाभळीच्या नावावर मांडायचे आणि दुसरीकडे तिच्या जागेवर परकीच झाडं लावायची. आणि अन्याय इथंच थांबत नाही. बाभळीचं शास्त्रीय प्रजातीनाव होतं 'अकेशिया'. ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५ सालच्या व्हिएन्ना परिषदेत ऑस्ट्रेलियातल्या झाडांच्या वाट्याला गेलं आणि ही बिचारी 'वॅचेलिया' झाली. नाव जायचंही हिच्याच नशिबी.

अधिकृत मान्यतेनं हा गोंधळ सुटेल. चिप्पीला पद मिळालं आणि 'खाडीतली ती झुडपं' म्हणणाऱ्यांना निदान एका झाडाचं नाव कळलं. गावठी बाभळीचं चित्र पाठ्यपुस्तकात, तहसीलच्या भिंतीवर, रोपवाटिकेच्या फलकावर आलं तर वेडीला तोडताना गावठीवर कुऱ्हाड पडणार नाही. सध्या 'काटेरी झुडपं काढणे' या एका ओळीखाली दोघी एकदमच जातात.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसांचा. ते म्हणतात, राज्यवृक्ष म्हणून जाहीर केल्यानं होतं काय? आंब्याचंच पाहा. राज्यवृक्ष असूनही जुने रायवळ आंबे तुटले, वखारींत गेले, वीटभट्ट्यांत गेले. घोडकाठच्या आमराया आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरल्या.

हे खरं आहे, आणि हा आक्षेप मला उडवून लावायचा नाही. आंब्याला पद मिळालं ते फळामुळे. रायवळ आंब्याचं झाड, त्याची सावली, त्याचं घरोघरचं वेगळं लोणचं, यांना कुणी पद दिलंच नव्हतं. हापूसला दिलं, आणि आता आमच्याकडे केसरला. पाच-सात फुटांवर छाटलेली, ठिबकवर जगणारी, दर दहा-बारा फुटांवर एक अशी कलमं शेततळ्याच्या जोरावर लागली, बागायतदाराला चार पैसे मिळाले, त्यात वाईट काही नाही. पण म्हणून प्रतीकं निकामी ठरतात का? राजस्थानात पाहा. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवी बिश्नोईसह ३६३ माणसांनी खेजडीच्या झाडांसाठी जीव दिला. १९८३ साली राजस्थाननं त्याच खेजडीला राज्यवृक्ष केलं. वाळवंटाच्या राज्यानं वाळवंटाचं काटेरी झाड निवडलं, काश्मीरचा चिनार मागवला नाही. तेलंगणनं २०१४ साली नवं राज्य होताच तेच झाड, तिकडची 'जम्मी', आपलं म्हटलं. आपल्याकडे त्यालाच शमी किंवा सौंदड म्हणतात, आणि दौंडच्या बांधावर ते अजून तुरळक सापडतं. तमिळनाडूनं ताड निवडला. ही राज्यं वेडी आहेत का?

आणि हो, बिकानेरकडे सौरप्रकल्पांसाठी खेजडी तुटते आहे. राज्यवृक्ष असूनही तुटते. पण तिथं लोक रस्त्यावर येतात तेव्हा त्यांच्या हातात म्हणायला एक वाक्य असतं: तुम्हीच हिला राज्यवृक्ष म्हटलं होतं. आमच्याकडे माळावर पोकलेन फिरतो तेव्हा म्हणायला काय आहे? "साहेब, बाभळ आहे." साहेब म्हणतो, "तेच तर काढतोय."

प्रतीक आणि कायदा यांचं नातं किती जवळचं असतं हे पाहायचं तर गोव्याकडे पाहावं. २०१६ साली तिथल्या सरकारनं वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला 'झाड' या व्याख्येतूनच वगळलं. माड म्हणजे ताडवर्गी, झाड नव्हे, असा शास्त्रीय आधार दिला. गोंयकार खवळला. पुढच्याच वर्षी माड पुन्हा झाडांत आला, आणि आला तो थेट राज्यवृक्ष होऊन. ज्या झाडावर त्या मुलखाचं जेवण, तेल, दोरी, छप्पर सगळं अवलंबून, त्याला कागदावरून पुसणं गोव्यात सरकारला परवडलं नाही. बाभळीवर आमचं औत, गाडी, वई, शेळी आणि सरपण अवलंबून होतं. तिला कुणी कागदावरून पुसलं नाही, कारण ती कागदावर कधी आलीच नाही.

खरंच आलेली नाही. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, चिंच आहे, फणस, जांभूळ, मोह, खैर, साग, चंदन आहेत. बाभूळ नाही. रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा आंब्याची किंमत त्याच्या उत्पन्नावर धरतात, बाभळीची लाकडावर. ती वर्षानुवर्षं शेंगा देते, शेळ्या जगवते, मुळांतल्या गाठींनी जमिनीत नत्र भरते, याचा एक रुपया कुणाच्या तक्त्यात बसत नाही. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत रोटीचा घाट चढते. त्या वाटेवर आता चौपदरी रस्ते झाले आहेत. त्या घाटातली बाभूळ कुणी मोजली आणि काय भावानं, हे जरा विचारून पाहा. आणि ज्या जमिनीवर ही झाडं उगवतात तिला सातबारा 'पोटखराबा' म्हणतो, केंद्राचा पडीक जमिनींचा अ‍ॅटलास 'झुडपी' म्हणून पडीकात टाकतो. जमीन पडीक, झाड झुडूप, मग जनावरं मोकाट आणि मेंढपाळ उपरा ठरायला वेळ लागत नाही.

शेंगांचं म्हटलं म्हणून सांगतो. वैशाखात, गवत संपलेलं, कडबा शंभरीच्या भावानं, तेव्हा पहाटे बाभळीखाली बाया खराटे घेऊन येतात. रात्रभर पडलेल्या शेंगा झाडून पोत्यात भरायच्या, घरच्या शेळीला घालायच्या, उरलेल्या विकायच्या. ज्याच्याकडे आकडी आहे तो उंच फांदीला आकडी लावून डहाळे खाली ओढतो आणि शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून पाला ओरबाडतात, काटे चुकवत, इतक्या शिताफीनं की बघत राहावं. रवंथ करताना बिया गोठ्यात पडतात. त्या बिया नुसत्या झाडून आणलेल्या बियांपेक्षा लवकर रुजतात हे प्रत्येक धनगराला माहीत आहे. म्हणजे लागवडीचं कामसुद्धा शेळीच करते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून सांगतात, त्या साली शेळी जगली ती डहाळ्यांवर. हे सगळं आंबा देऊ शकत नाही, आणि त्यानं द्यावं अशी अपेक्षाही नाही. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात, कारण तिथं साप चढत नाही आणि काट्यांमुळे पोरं हात घालत नाहीत. सुगरणीला जे कळतं ते वन्यजीव मंडळाला कळायला काय हरकत आहे?

चौथा आक्षेप पर्यावरणवाल्यांचा, आणि तो मला सगळ्यात धारदार वाटतो. त्यांचं म्हणणं असं की माळरान म्हणजे झाडं नसलेलं जंगल नव्हे. ती मुळातच गवताची जागा आहे, लांडग्या-चिंकाऱ्याची जागा आहे. तुम्ही बाभळीला राज्यवृक्ष केलं की उद्या खातं 'बाभूळ लागवड कार्यक्रम' काढील, एक कोटीचं उद्दिष्ट ठेवील, माळावर खड्डे पाडील. २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे आकडे ज्यांनी पाहिले त्यांना ही भीती वाटणं साहजिक आहे. मलाही वाटते.

पण मुद्दा उलटा आहे. माळ भरून टाकायची घाई होते कारण त्याच्यावर स्वतःचं काही आहे हेच कुणाला दिसत नाही. दौंडला लागून बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथं जाऊन पाहा. गवत, मध्ये एखादी बाभूळ, एखादा हिवर, एखादी बोर, त्यांच्या सावलीत दुपारी बसलेले चिंकारे. बाभूळ तिथं ओळीत नाही, गर्दीत नाही, माळाच्या तब्येतीनं विखुरलेली आहे. तेच तिचं रूप. तिला मान्यता द्यायची तर त्या रूपात द्यायची: माळावर खड्डे न घेता, शेळ्यांना बंदी न करता, आणि गवताची जागा गवतालाच ठेवून. मान्यतेच्या ठरावातच 'लागवड उद्दिष्ट नाही' असं एक वाक्य घालायला कोण अडवतंय?

आता शेवटचा, शेतकऱ्याचा आक्षेप. तो मंडळाच्या बैठकीत कुणी मांडणार नाही, पण पारावर बसलात तर पहिला हाच येईल. "राज्यवृक्ष करू नका बाबा. आज बाभळ बांधावर ठेवतो ती उद्या गरजेला तोडता येते म्हणून. परवान्याच्या भानगडीत टाकलीत तर रोप दिसताच उपटू." हा माणूस बरोबर बोलतोय. आंब्या-चिंचेच्या परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्याला हे कळतं. तिचा काटा ट्रॅक्टरच्या टायरात जातो, तिच्यावर बसणारी पाखरं ज्वारी खातात, मुळं बांधाखालून वाफ्यात शिरतात, हेही त्याचं खरं आहे. म्हणून मी बाभळीला १९६४ च्या अनुसूचीत टाका असं म्हणत नाही. शेतकऱ्याच्या बांधावरच्या बाभळीवर त्याचाच हक्क राहावा. सरकारनं मान्यतेचा भार स्वतःच्या अंगावर घ्यावा: रोपवाटिकेत गावठी बाभूळ, हिवर, सौंदड, बोर यांची रोपं करावीत, रस्त्याच्या, कालव्याच्या, गायरानाच्या कामात वेडी आणि गावठी वेगळी नोंदवावी, भूसंपादनात बाभळीचं मोल शेंगा-पाल्यासकट धरावं, आणि स्वतःच्या माळांवर गिरिपुष्प थांबवावं. फळबाग योजनेत १९९० पासून बोर, चिंच, सीताफळ यांना जागा मिळालीच ना? म्हणजे कोरड्या मुलखाला काय सोसतं हे शासनाच्या एका खात्याला तरी कळतं. दुसऱ्यानं त्याच्याकडून शिकावं.

मुळात आमच्या गावांनी आपलं झाड कधीच निवडून ठेवलं आहे. दौंडात बोरीबेल, बोरीपार्धी, बोरीभडक, हिंगणीगाडा, पिंपळगाव. शिरुरात मोराची चिंचोली, चिंचणी, कवठे, निमगाव, पिंपळे, आणि दोन-दोन बाभुळसर, बुद्रुक आणि खुर्द. आंबळेही आहे, आंब्याचा वाटा कुणी नाकारलेला नाही. राज्यानं एक झाड सगळ्यांवर पांघरलं, गावांनी ज्याच्या सावलीत बसले त्याचं नाव लावलं. यात कुणाची निवड अधिक डोळस होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मागणी करायचा रस्ताही उघडा आहे. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही कपाटात पडून आहे. शिरूर-दौंडच्या ग्रामसभांनी ती बाहेर काढावी, आपल्या शिवारातल्या गावठी बाभळी वेड्या बाभळींपासून वेगळ्या नोंदवाव्यात, आणि 'पर्जन्यछायेच्या प्रदेशाचा राज्यवृक्ष: बाभूळ' असा ठराव करून तो नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे आणि राज्य वन्यजीव मंडळाकडे पाठवावा. दोन्ही बाभुळसरांनी सुरुवात करावी. ठरावाला आंब्याचा विरोध असणार नाही, याची हमी मी देतो.